रात्री दीडची जाग आणि तव्यापुढच्या वाफा

पत्र असं आलंय:

"ताई नमस्कार. मी नाशिकला सिडकोत राहते, वय ४७. घरूनच पोळी-भाजी केंद्र चालवते, ११ वर्षं झाली, सकाळचे ४० डबे आणि संध्याकाळी काउंटर. गेलं दीड वर्ष पाळीचं काही खरं राहिलं नाहीये, कधी २० दिवसांतच येते कधी दोन दोन महिने पत्ता नाही, आणि आली की ८-९ दिवस जाते, गाठी पडतात. पण मेन त्रास झोपेचा आहे. रात्री पावणेअकराला पडते, दीडला जाग येते तेव्हा गाऊन घामाने भिजलेला असतो, मग साडेतीनपर्यंत टक्क जागी आणि ४ ला अलार्म. दुपारी २ ते साडेचार झोपते नाहीतर संध्याकाळी उभं राहवत नाही. चहा दिवसाला ७-८ कप होतो. वजन ६ किलो वाढलं. परवा तव्यापुढे उभी होते तर छातीतून एकदम वाफ वर चढली, कानापर्यंत सगळं लाल, समोर गिऱ्हाईक उभं, मी लाटणं खाली ठेवलं आणि कणकेसाठी काढलेल्या पाण्यात दोन्ही हात घालून उभी राहिले. उगाचच रडू येतं. मिस्टर म्हणतात मनावर घेऊ नको. मैत्रिणीने हार्मोन बॅलन्सची पावडर सांगितलीये, महिन्याला २२०० रुपये. शेजारच्या काकूंनी त्यांची झोपेची अर्धी गोळी दिली होती, झोप लागली पण सकाळी डोकं जड. मला गोळ्या नकोत ताई, नॅचरली हार्मोन बॅलन्स करायचेत. काय खाऊ, काय करू, डाएट प्लॅन द्या."

अगं, तू मला ताई म्हटलंयस म्हणून मी तुला सरळ तूच म्हणते, आणि मीही ४८ व्या वर्षी यातून गेलेय, तेव्हा हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते, नाइट ड्यूटीला वॉर्डच्या बाथरूममध्ये जाऊन गार फरशीला पाठ टेकून बसायचे पाच मिनिटं. त्यामुळे तू ते पाण्यात हात घालून उभं राहिल्याचं लिहिलंस ना, ते वाचून मी फोन बाजूला ठेवला थोडा वेळ. मनावर घेण्यातलं हे नाहीये. हे शरीरात होतंय, खरंखुरं होतंय, आणि यावर बरंच काही करता येतं.

पण डाएट प्लॅनच्या आधी एक गोष्ट, आणि ही मी तुझ्या मागे लागून करून घेणार आहे. तू सगळं पत्र झोपेवर लिहिलंस आणि ८-९ दिवस जाणारी पाळी आणि गाठी एका ओळीत उरकल्यास. मला त्या ओळीची जास्त काळजी वाटते. दीड वर्ष असं रक्त जात असेल तर तुझं हिमोग्लोबिन खाली गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि संध्याकाळी उभं न राहवणं, धाप, चिडचिड, रात्री पाय ओढणं, हे सगळं त्यातूनही येतं. आपल्या देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं होतं, म्हणजे दोघींत एकीपेक्षा जास्त. आणि आपण त्याला नाव काय देतो, तर थकवा, वय झालं, कामाचा ताण. मग झोप झाली नाही म्हणून थकवा असं समजून आपण झोपेच्या मागे लागतो आणि लोह मात्र तिकडे संपत चाललेलं असतं.

म्हणून या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं), फेरिटिन, टीएसएच म्हणजे थायरॉइडची तपासणी, आणि शुगर एवढं रक्त तपासायचं, आणि पोटाची सोनोग्राफी त्या सांगतीलच, कारण गाठी पडतात तेव्हा फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयात वाढलेली गाठ वगैरे काही आहे का, गर्भाशयाचं अस्तर किती जाड झालंय हे बघावंच लागतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही साठा रिकामा असू शकतो, आणि साठा रिकामा असला की रात्री पायात कसंतरी होतं, मुंग्यांसारखं, सारखे हलवावेसे वाटतात. तुला असं होतं का ते नीट आठवून डॉक्टरांना सांग. थायरॉइड यासाठी की ते बिघडलं तरी झोप, वजन, पाळी, रडू येणं सगळं डिट्टो असंच दिसतं, नुसतं बघून दोन्हींतला फरक कळत नाही. आणि हो, लॅबवाले मोठं "हार्मोन प्रोफाइल" पॅकेज दाखवतील, ते लगेच घेऊ नकोस. ४५ च्या पुढच्या बाईला पाळी मागेपुढे होतेय आणि वाफा येतायत एवढ्यावरूनच डॉक्टर ओळखतात, त्यासाठी एफएसएच या हार्मोनची तपासणी सहसा लागत नाही, कारण या काळात तो आकडा आज एक असतो आणि पंधरा दिवसांनी भलताच.

दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा चक्कर येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसायची नाही, त्याच दिवशी जायचं. आणि पुढे कधी सलग १२ महिने पाळी आली नाही आणि मग पुन्हा रक्त दिसलं, अगदी डाग दिसला तरी, दाखवायचंच.

आता तुझ्या शरीरात काय चाललंय ते सांगते म्हणजे भीती कमी होईल. पाळी जायची म्हणजे नळ बंद केल्यासारखी जात नाही. त्याआधी चार-पाच वर्षं, कुणाला जास्तच, बीजकोशांचं काम अनियमित होतं, इस्ट्रोजेन एका महिन्यात खूप चढतं, दुसऱ्या महिन्यात धाडकन खाली, आणि प्रोजेस्टेरॉन बऱ्याच महिन्यांत नीट तयारच होत नाही. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात एक पदार्थ बनतो तो मेंदूला शांत करतो, झोपेला मदत करतो, तो कमी पडतो. आणि इस्ट्रोजेनच्या या चढउतारामुळे मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, म्हणजे पूर्वी थोडं गरम झालं तरी ते चालवून घ्यायचं, आता एवढंसं तापमान वाढलं की त्याला वाटतं आग लागली, लगेच कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, चेहरा लाल, घाम, आणि दोन-चार मिनिटांनी अंग गार पडून थंडी वाजते. आता तूच बघ, तू तर दिवसातले सहा-सात तास तव्यापुढे. तुझ्या त्या केंद्राला सारखी काडी लागतेय. भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ आहे, म्हणजे तू लवकरही नाहीस उशिराही नाहीस, अगदी वेळेवर आहेस.

आणि म्हणूनच ते "हार्मोन बॅलन्स" हे शब्द मला पटत नाहीत. कुठल्याही पावडरने, कुठल्याही बियांनी हे चढउतार सपाट होत नाहीत. हे चढउतार व्हायचेच आहेत, ते आपल्या हातात नाहीत. हातात काय आहे तर झोपेची वेळ, चहा, जेवणाची वेळ, अंगावरचा तो गाऊन, आणि रात्री दीड ते साडेतीन आपण काय करतो ते. यातूनच तुझी झोप सुधारेल. खरं सांगू का, तुझी जाग वाफेने येते पण दोन तास तू जागी राहतेस ते वाफेमुळे नाही. वाफ पाच मिनिटांत गेलेली असते. पुढचे दोन तास तुला जागं ठेवतायत ते दुपारचे अडीच तास, तो चहा, आणि अंथरुणात पडून केलेला हिशोब.

दुपारच्या झोपेपासून धरू. माणूस जागा असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो, जितका वेळ जागे तितका जास्त, आणि त्याचाच दाब म्हणजे झोप येणं. तू दुपारी अडीच तास झोपलीस की तो दाब बराच उतरतो. रात्री पावणेअकराला तू थकलेली असतेस म्हणून पडल्यापडल्या लागते, पण दीडपर्यंत उरलासुरला दाब संपतो, त्यात वाफ येते आणि मग परत झोपायला शिल्लकच काही नसतं. म्हणजे रात्रीची झोप तू दुपारी खर्च करून टाकतेस, बाकी काही नाही. मला माहितीये की त्या अडीच तासांवर तुझी संध्याकाळ उभी आहे, म्हणून एकदम बंद कर म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात दीड तास, दुसऱ्यात पाऊण, मग कायमचे २०-२५ मिनिटं, आणि तीही तीनच्या आत, अलार्म लावून, पलंगावर नाही तर हॉलमध्ये चटईवर. हे दोन आठवडे जड जातील, मी खोटं सांगत नाही, त्या दिवसांत संध्याकाळचा मेनू हलका ठेव, एक भाजी कमी कर, आणि डुलकी येत असेल तर डबे द्यायला स्कूटर घेऊन जाऊ नकोस, दुसऱ्या कुणाला पाठव.

चहा. याच अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून ठेवायचं काम चहातलं कॅफिन करतं आणि घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं. संध्याकाळी काउंटर सुरू व्हायच्या आधीचा साडेपाचचा, मग गर्दी ओसरल्यावरचा साडेआठचा (हा असणारच, मला माहितीये), यातला साडेआठचा कप रात्री दीडला अजून निम्मा तुझ्यात फिरतोय. शिवाय गरम गरम घेतला की वाफेला आमंत्रण ते वेगळंच. सकाळी उठल्यावरचा आणि डबे गेल्यावरचा असे दोन ठेव, मनापासून घे, कपभर घे. दुपारी १२ नंतर बंद. एकदम सोडलास तर दोन-तीन दिवस डोकं ठणकतं म्हणून दर दोन दिवसांनी एक कप कमी कर. संध्याकाळी हातात कप हवाच असतो, ती सवय मला कळते, तर गार ताक, कोकम सरबत, सब्जाचं पाणी काहीही घे. आणि जेवणावर चहा अजिबात नको, पुढेमागे एक तास तरी सोड, कारण चहा जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. तुझं रक्त कमी असेल तर हा एवढा बदलसुद्धा मोठा आहे.

जेवणाचं बोलायचं तर तू दुसऱ्यांना वेळेवर जेवायला घालतेस आणि स्वतः सगळं आवरून साडेदहाला उरलेलं खातेस, हे तू लिहिलं नाहीस पण पावणेअकराला पडते म्हणालीस त्यावरून मी धरून चाललेय, चुकत असेल तर सांग. संध्याकाळी काउंटर सुरू करायच्या आधी, साडेसहाच्या आत, दोन पोळ्या भाजी वरण असं नीट बसून खा. काउंटर बंद झाल्यावर भूक लागली तर वाटीभर दही-भात किंवा दूध, बस. भरल्या पोटी आडवं झालं की शरीर आतून तापतं, जळजळ होते. रात्रीच्या ताटात ठेचा आणि तर्री नको, तिखटाने वाफा येतात हे तुलाही जाणवलं असेल.

काय खाऊ म्हणून विचारलंस त्याचं उत्तर तसं छोटं आहे कारण तुझ्या स्वयंपाकघरात सगळं आहेच. नाचणी रोज, भाकरी कर नाहीतर आंबील कर, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि पाळी गेल्यानंतरची पहिली काही वर्षं हाडं भराभर झिजतात, त्यासाठीची शिदोरी आत्तापासून बांधायची. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडं खात असशील तर अंडं, काहीतरी प्रोटीनचं हवंच, नुसती पोळी-भाजी खाऊन पाच वाजता परत भूक लागते आणि मग फरसाण. उसळीवर लिंबू पिळ, लोह जास्त शोषलं जातं. अळिवाचा लाडू खा. पण रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८-९ आलं तर लाडवांवर ते भरून निघणार नाही, तेव्हा लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच, गोळ्या नकोत हा हट्ट तिथे धरायचा नाही. त्या गोळ्या चहाबरोबर, दुधाबरोबर, कॅल्शियमच्या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबू-पाण्याबरोबर घे.

आता रात्र. हे नीट वाच, दोनदा वाच, कारण माझ्या मते तुझ्या पत्राचं खरं उत्तर इथे आहे.

४ ला उठणं तुला चुकत नाही, डबे जायचेत, तर तोच आपला खुंटा. रोज ४, रविवारी सुट्टी असली तरी ४, फार तर साडेचार. रविवारी सात-आठपर्यंत लोळलीस की सोमवारची रात्र बिघडते. पडायची वेळ पहिले तीन आठवडे १०. आत्ता पावणेअकरा आहे, त्यापेक्षा ती लवकरच झाली, पण दुपारची झोप काढून घेतल्यावर तुला साडेआठ-नऊलाच पेंग येईल, तेव्हा मात्र पडायचं नाही, दहापर्यंत बसून काढायचं. असं केल्याने होतं काय की झोप पसरट होती ती आवळली जाते, सहा तासांत घट्ट बसते. एकदा सलग चार-पाच तास लागायला लागली की दर आठवड्याला १५ मिनिटं अलीकडे ये, पावणेदहा, साडेनऊ, असं करत नऊपर्यंत आलीस तर सात तास होतील. झोपेचे डॉक्टर आणि सायकॉलॉजिस्ट निद्रानाशावर जी गोळ्यांविना ट्रीटमेंट देतात, तिला सीबीटी-आय म्हणतात, तिचा हाच गाभा आहे आणि जगभर निद्रानाशावर पहिली ट्रीटमेंट म्हणून गोळ्यांच्या आधी तिचंच नाव घेतात. पाळी जायच्या काळातल्या बायकांवरही ती वापरून बघितलीये, अगदी फोनवरून शिकवून, आणि झोप सुधारलीये. फक्त कुणाला फिट येत असतील किंवा बायपोलरचा म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होण्याचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही.

दीडला जाग आली की. उशाशी आधीच तीन गोष्टी ठेवलेल्या हव्यात, ओला करून पिळलेला पंचा, पाण्याचा तांब्या, आणि दुसरा सुती गाऊन. सिंथेटिक मॅक्सी घालत असशील तर ती आजच काढून टाक. मान पुसायची, गाऊन बदलायचा, पंख्याखाली दोन मिनिटं बसायचं, लाइट लावायचा नाही. मिस्टरांना पंखा जोरात नको असतो का? मग त्यांना वेगळी चादर द्यायची, तुझा पंखा कमी करायचा नाही. घड्याळाकडे बघायचं नाही, किती वाजले कळलं की मेंदू लगेच वजाबाकी करतो, आता अडीच तासच राहिले, आता दोनच, आणि छाती धडधडायला लागते. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव आणि अलार्मसाठी साधं घड्याळ आण, ते उलटं करून ठेव.

आणि १५-२० मिनिटांत, अंदाजानेच, झोप लागली नाही तर उठायचं. हे सगळ्यात अवघड वाटतं, मलाही वाटलं होतं, एवढी दमलेली बाई उठून जाऊ कुठे. पण तासन्‌तास अंथरुणात जागं पडून राहिलं की शरीराला सवय लागते की ही जागा जागायची आहे. मग हॉलमध्ये पाठ टेकल्या टेकल्या झोप येते आणि पलंगावर गेलं की टक्क, असं होतं की नाही तुझं? तर उठून मंद उजेडात खुर्चीवर बसायचं, लसूण सोल, वाती वळ, मटार सोल, असलं हाताला काम आणि डोक्याला काही नाही असं. डोळे मिटायला लागले की परत पलंगावर. एका रात्रीत तीनदा उठावं लागलं तरी चालेल. दोन आठवड्यांनी एकदाच उठशील, मग तेही नाही.

उधारीचा आणि उद्याच्या भाजीचा हिशोब रात्री डोक्यात चालतो, तर तो संध्याकाळी काउंटर बंद केल्यावर वहीत उतरवून टाक, कोणाचे किती राहिले, उद्या मेथी किती जुड्या, गॅस कधी बुक करायचा. वही मिटायची आणि ओट्यावर ठेवून यायची. एवढ्याने फरक पडतो, करून बघ.

सकाळचे डबे गेले की ९ च्या सुमाराला अर्धा तास उन्हात चाल. चप्पल घालून बाहेर पड, गच्चीवर नको, तिथून परत वाळवणाकडे लक्ष जातं. तू म्हणशील दिवसभर उभीच असते की, पण उभं राहणं म्हणजे व्यायाम नाही, त्याने पाय सुजतात, दम वाढत नाही. सकाळचा उजेड डोळ्यांना मिळाला की मेंदूतलं घड्याळ लागतं आणि रात्री झोपेची वेळ पक्की होते. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताकदीचा म्हणजे तुझ्या घरात पाच किलोची आट्याची पिशवी आहे, ती छातीशी धरून खुर्चीवरून दहा वेळा ऊठबस, भिंतीला हात टेकून दहा वेळा पुढे-मागे, असं तीनदा. स्नायू वाढले की वजनही हलतं आणि हाडंही टिकतात. वजनाचं मुद्दाम सांगते, त्यातले ३-४ किलो उतरले तरी पुष्कळ बायकांच्या वाफा कमी होतात, पण उपास करून उतरवायचे नाहीत. रक्त कमी निघालं तर पहिला महिना फक्त चाल, बाकीचं रक्त भरल्यावर.

तव्याचं काहीतरी करायलाच हवं. टेबल फॅन गॅसवर येणार नाही असा तुझ्या पाठीमागून, कमरेच्या उंचीवर लाव. गळ्यात ओला रुमाल. आणि शक्य असेल तर सकाळी भाजायला एक बाई ठेव, तू लाट आणि भाजी बघ. २२०० रुपये महिना तू पावडरला द्यायला निघाली होतीस ना, ते पैसे त्यात घाल, जास्त लागतील पण सुरुवात तर होईल.

पावडर घेऊ नकोस. त्यात अश्वगंधा असू शकते, असल्या पावडरींत ती बऱ्याचदा असते, आणि ती थायरॉइडचे आकडे हलवू शकते, क्वचित कुणाच्या लिव्हरलाही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. नॅचरल आहे म्हणून निरुपद्रवी असं नसतं. तुझा टीएसएच अजून बघायचाय, त्याआधी तर नाहीच. काकूंची गोळीही परत नको. ती अल्प्राझोलामसारखी असेल तर तिची सवय लागते, सकाळी तोल जातो आणि तुला गॅससमोर उभं राहायचंय. काकू जर बरीच वर्षं घेत असतील तर त्यांना मात्र एकदम बंद करा म्हणून सांगू नकोस, ती डॉक्टरांकडूनच हळूहळू कमी करायची असते.

एक गोष्ट तुला आवडणार नाही तरी लिहिते. हे सगळं दोन-तीन महिने नीट करूनही वाफा तशाच राहिल्या, तर डॉक्टरांशी हार्मोनच्या औषधांबद्दल मोकळेपणाने बोल. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाच्या बातम्या आल्या आणि या औषधांची जगभर भीती बसली, आमच्या वॉर्डातही तेव्हा बायका घाबरून गोळ्या टाकून द्यायच्या. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, पाळी जाऊन त्यांना दहा-बारा वर्षं झालेली. आता तज्ज्ञांचं म्हणणं असं की साठीच्या आतल्या आणि पाळी जाऊन १० वर्षं झाली नाहीत अशा निरोगी बाईला त्रास जास्त असेल तर फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात रक्ताची गाठ झालेली असेल, लिव्हरचा आजार असेल, रक्त का जातंय हे कळलेलं नसेल तर नाही, म्हणून तर आधी तपासणी. ज्यांना हार्मोन चालत नाहीत त्यांच्यासाठी दुसरी औषधंही आहेत. वाफा फार दिवस टिकू शकतात गं, अमेरिकेतच बायकांना वर्षानुवर्षं विचारत राहून केलेल्या एका अभ्यासात वाफा जास्त असलेल्यांमध्ये निम्म्या जणींचा त्रास सात वर्षांपेक्षाही जास्त चालला होता. सात वर्षं दात-ओठ खाऊन काढण्यात काही मोठेपणा नाही.

तू झोपेत जोरात घोरतेस का, हे घरच्यांना विचार. या वयानंतर बायकांनाही झोपेत श्वास अडायचा त्रास वाढतो आणि बायका घोरतात हे कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखत असेल तर तेही सांग.

रडू येतं म्हणालीस. झोप नाही, रक्त नाही, वर हे चढउतार, रडू येणारच. पण दोन आठवड्यांच्या वर रोजच उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा नकोच हे सगळं असं मनात येत असेल तर १४४१६ ला फोन लाव, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्री दीडलाही उचलतात आणि मराठीत बोलता येतं. आणि मिस्टरांना हे पत्र वाचायला दे. त्यांना वाईट हेतू नाही, त्यांना माहितीच नाहीये, आपल्याकडे आई मुलीला सांगत नाही तिथे पुरुषांना कोण सांगणार. त्यांनी संध्याकाळचं काउंटर आवरायचं आणि भांडी विसळून ठेवायची एवढं जरी तीन आठवडे केलं तरी तुला साडेआठ ते दहा स्वतःचे मिळतील.

एकदम सगळं करायला जाऊ नकोस. या आठवड्यात फक्त डॉक्टर, आणि १२ नंतरचा चहा कमी करायला घे. पुढच्यात दुपारची झोप. मग रात्रीचं वेळापत्रक. वहीच्या मागच्या पानावर रोज सकाळी तीन आकडे लिही, किती वाजता पडलीस, अंदाजे किती वेळ झोपलीस, किती वेळा वाफेने उठलीस, आणि पाळी आली की त्या तारखेला गोल. डॉक्टरांनाही हेच पान दाखव, तोंडी सांगण्यापेक्षा त्यांना यातून जास्त कळतं.

आणि सीबीसीचा रिपोर्ट आला की हिमोग्लोबिनचा आकडा मला आधी कळव, बाकीचं पत्र नंतर सावकाश लिही.